मेमकॉपीचं पान पुन्हा लिहिताना

सी भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतलं मेमकॉपी हे फंक्शन इतकं साधं आहे की त्याच्या पुस्तिकेतल्या पानावर लिहिण्यासारखं फारसं काही नसेल असंच वाटतं. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: कुठे ठेवायचं, कुठून घ्यायचं आणि किती बाइट. तेवढे बाइट ते इकडून तिकडे उतरवतं. सोबत एकच अट आहे, दोन्ही जागा ओव्हरलॅप होता कामा नयेत, म्हणजे एकमेकींवर येता कामा नयेत. 1989 च्या पहिल्या सी स्टँडर्डमध्येच ही अट आहे, आणि ओव्हरलॅप होणाऱ्या जागांसाठी मेममूव्ह हे वेगळं फंक्शनही तिथेच दिलेलं आहे.

2010 च्या अखेरीस याच अटीवरून लिनक्सच्या जगात कडाक्याचा वाद झाला. नियम वीस वर्षांचा जुना आणि प्रत्येक पुस्तिकेत स्पष्ट छापलेला होता, तरीही लोकांच्या संगणकांवर आवाज फाटायला लागला. त्यानंतर या फंक्शनचं पान कसकसं बदललं, कंपायलरच्या (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणाऱ्या साधनाच्या) पर्यायांच्या पुस्तिकेशी त्याचा धागा कुठे जुळला आणि कुठे तुटलेलाच राहिला, ते इथे सविस्तर मांडतो. पानावर नियम बरोबर लिहिला म्हणजे दस्तऐवजाचं काम संपलं, हे मला मान्य नाही. त्या नियमावर कोण विसंबून आहे, तो मोडला तर काय होतं आणि मोडलेला कसा सापडेल, हेही वाचणाऱ्याला त्याच पानावर मिळालं पाहिजे.

घडलं काय

लिनक्सवर आधारलेल्या फेडोरा या सिस्टिमची 14 वी आवृत्ती नोव्हेंबर 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधीच, सप्टेंबरमध्ये, फेडोरामागच्या रेड हॅट कंपनीच्या बगझिलावर, म्हणजे तक्रारी नोंदवण्याच्या साइटवर, 638477 क्रमांकाची तक्रार दाखल झाली होती: 64 बिटच्या फ्लॅश प्लेअरमधून एमपी3 वाजवलं की आवाज विचित्र येतो. प्लेअर बदललेला नव्हता, बदलली होती ती त्याच्या खालची सी लायब्ररी. जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या 2.13 आवृत्तीत येऊ घातलेली नवी, वेगवान मेमकॉपी फेडोरात आधीच दाखल झाली होती. मेमरीतल्या चुका शोधणाऱ्या वॅलग्रिंड या साधनाखाली प्लेअर चालवल्यावर कारण नेमकं सापडलं. मेमकॉपीला दिलेल्या दोन जागा एकमेकींवर चढत होत्या.

नव्या मेमकॉपीत फरक एवढाच होता की काही प्रोसेसरांवर ती काही वेळा बाइट शेवटाकडून सुरुवातीकडे उतरवायची. नियम पाळणाऱ्या प्रोग्रामला क्रम कुठलाही असला तरी काही फरक पडत नाही. नियम मोडणाऱ्याला मात्र किती पडतो ते एका छोट्या उदाहरणात दिसेल.

आठ घरांची एक पट्टी घ्या: क ख ग घ च छ ज झ. पहिली दोन अक्षरं वापरून झाली, म्हणून उरलेली सहा डावीकडे सरकवायची आहेत. ध्वनीचे नमुने वाजवून झाले की बफरमध्ये नेमकं हेच करायचं असतं. सुरुवातीपासून एकेक घर उतरवलं तर पहिल्या घरात ग येतो, दुसऱ्यात घ, मग च, छ, ज, झ. पट्टी होते ग घ च छ ज झ ज झ, आणि पहिली सहा घरं हवी तशीच असतात. नियम मोडलेला असतो, पण उत्तर बरोबर येतं. आता तेच काम शेवटाकडून करू. सहाव्या घरात झ आला, तिथला छ गेला. पाचव्यात ज आला, तिथला च गेला. चौथ्या घरात सहाव्यातलं अक्षर यायला हवं, पण तिथे आता झ बसला आहे, म्हणून चौथ्यातही झ. तिसऱ्यात ज, दुसऱ्यात झ, पहिल्यात ज. पट्टी झाली ज झ ज झ ज झ ज झ. चार अक्षरं कायमची गेली आणि शेवटची दोनच पुन्हा पुन्हा उमटली. ध्वनीच्या बफरमध्ये असं झालं की कानाला खरखर आणि फाटका आवाज ऐकू येतो.

यात आणखी एक गुंता आहे. जीलिबसीत मेमकॉपीच्या अनेक आवृत्त्या असतात आणि प्रोग्राम चालू होताना प्रोसेसर पाहून त्यांतली एक निवडली जाते. त्यामुळे तोच प्रोग्राम एका मशीनवर नीट चालतो आणि शेजारच्या मशीनवर बिघडतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या मशीनवर दोष दिसलाच नाही, तर तो पुस्तिका कशाला उघडेल?

तक्रारीवरचा वाद आजही वाचण्यासारखा आहे. लायब्ररीच्या बाजूचं म्हणणं सरळ होतं: नियम प्लेअरने मोडला आहे, लायब्ररीने नाही. तक्रारीवर ‘हा बग नाही’ असा शेरा बसला. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी दुसरी बाजू हिरिरीने मांडली. त्यांचा मुद्दा असा की दोष प्लेअरचा की लायब्ररीचा याच्याशी संगणक वापरणाऱ्याला काही देणंघेणं नसतं, काल चालत होतं ते आज चालत नाही एवढंच त्याला कळतं. त्यांनी साधी पर्यायी मेमकॉपी लिहिली, एलडी-प्रीलोड या सोयीने ती प्लेअरआधी लोड करून दाखवली आणि आवाज सुधारला.

तोडगा 2011 मध्ये जीलिबसी 2.14 मधून आला. 64 बिटच्या एक्स86 प्रोसेसरांवर मेमकॉपीच्या सिम्बॉलला, म्हणजे प्रोग्राम लायब्ररीकडे फंक्शन ज्या नावाने मागतो त्या नावाला, नवी आवृत्ती दिली गेली. 2.14 च्या आधी लिंक झालेले प्रोग्राम जुनं सिम्बॉल मागतात, म्हणून त्यांना मेममूव्हसारखी, ओव्हरलॅप सांभाळणारी मेमकॉपी मिळते. नव्याने लिंक होणाऱ्यांना वेगवान मेमकॉपी मिळते आणि नियम पूर्ण लागू होतो. जुन्यांना अभय आणि नव्यांना शिस्त, असा हा मार्ग होता. मला तो त्या परिस्थितीतला सर्वात शहाणपणाचा वाटतो.

त्याची किंमत मात्र वेगळ्याच लोकांना मोजावी लागली. नव्या सिस्टिमवर बांधलेला प्रोग्राम जुन्या सिस्टिमवर नेला की तो जीलिबसी 2.14 सापडत नाही म्हणून चालूच होत नाही, आणि बऱ्याचदा त्यामागे एकटी मेमकॉपी असते. ज्याने ओव्हरलॅप कधी केलाच नाही, त्याच्यासमोरही हा संदेश येतो. ‘आवृत्तीनुसार फरक’ हा मजकूर फंक्शनच्या पानावर का हवा, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

तेव्हा पानावर काय होतं

लिनक्सच्या मॅन पेजवर, म्हणजे सिस्टिमसोबत येणाऱ्या पुस्तिकेच्या पानावर, दोन छोटी वाक्यं होती. जागा ओव्हरलॅप होता कामा नयेत, आणि होत असतील तर मेममूव्ह वापरा. जीलिबसीच्या स्वतःच्या पुस्तिकेत थोडं अधिक होतं: दोन्ही ॲरे ओव्हरलॅप झाले तर वर्तन अनडिफाइंड आहे, तशी शक्यता असेल तर मेममूव्ह घ्या. दोन्हीकडचा मजकूर अचूक होता. त्यात चूक काढायला जागा नाही, आणि पर्यायही दिलेला होता. मग कमी काय पडलं?

‘अनडिफाइंड’ म्हणजे काहीही होऊ शकतं, हे प्रोग्रामर पाठ करतो. पण त्याच्या अनुभवात काहीच होत नाही. वर्षानुवर्षं ओव्हरलॅप केला तरी उत्तर बरोबर आलेलं असतं. पुस्तिकेतलं वाक्य एक सांगतं आणि रोजचा अनुभव दुसरं, अशा वेळी माणूस अनुभवावर विश्वास ठेवतो, आणि त्यात त्याची फार चूक आहे असं मला वाटत नाही. ‘आज बरोबर येतं ते का, आणि ते कधी थांबेल’ हे पानाने सांगितलं, तरच तो अनुभवापलीकडे पाहू शकतो.

फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमच्या जुन्या मॅन पेजवर हे काम प्रामाणिकपणे केलेलं होतं. तिथे ‘बग्स’ या भागात लिहिलं होतं की इथली मेमकॉपी बीकॉपी हे दुसरं फंक्शन वापरून बनवली आहे, त्यामुळे इथे ओव्हरलॅप चालतो. दुसऱ्या सिस्टिमवर मात्र धक्का बसू शकतो, म्हणून सगळीकडे चालायला हवा असा प्रोग्राम लिहिताना मेममूव्ह वापरा. इथे सध्या काय घडतं ते सांगितलं, त्यावर विसंबू नका हेही सांगितलं आणि पर्यायही दिला. अंमलबजावणीतला तपशील उघड केला की लोक त्यालाच धरून बसतील, अशी भीती पुस्तिका लिहिणाऱ्यांना नेहमी वाटते. पण तपशील लपवूनही लोक त्यालाच धरून बसले होते, फ्लॅशच्या प्रकरणात दिसलं ते हेच. फरक इतकाच की त्यांना सावध करणारं कुणी नव्हतं.

त्याच घराण्यातल्या ओपनबीएसडीने वेगळीच वाट घेतली. तिथल्या लायब्ररीतली सी मध्ये लिहिलेली मेमकॉपी ओव्हरलॅप दिसला की सिस्टिम लॉगमध्ये नोंद करून प्रोग्राम तिथेच थांबवते. नियम पानापुरता न ठेवता कोडमध्ये उतरवला की पानावर कमी लिहिलं तरी भागतं. पण प्रत्येक लायब्ररीला हा रस्ता मोकळा नसतो.

बदललेलं पान

या सगळ्यानंतर लिनक्सच्या मॅन पेजमध्ये एक मोठी टीप आली. ओव्हरलॅपची अट न पाळल्यामुळे गंभीर बग झाले आहेत, असं ती सुरुवातीलाच सांगते. स्टँडर्ड याबाबत स्पष्ट आहेत याची आठवण देते. पुढे 2.13 मध्ये बाइट उतरवण्याचा क्रम बदलला, जुन्या क्रमामुळे बग योगायोगाने झाकले गेले होते ते उघडे पडले, आणि 2.14 मध्ये जुन्या प्रोग्रामांसाठी सिम्बॉलची सोय झाली, हा सगळा प्रवास येतो. अलीकडच्या आवृत्त्यांत हा मजकूर ‘कॅव्हिअट्स’ म्हणजे सावधगिरीच्या भागात आहे.

या टिपेतला माझ्या मते सर्वात मोलाचा भाग म्हणजे योगायोगाचा उल्लेख. जुना प्रोग्राम बरोबर नव्हता, फक्त त्याची चूक दिसत नव्हती, हे एकदा वाचलं की ‘माझ्याकडे तर चालतं’ हा युक्तिवाद आपोआप सैल पडतो. शिवाय टीप कुणावर खापर फोडत नाही. फ्लॅशचं नाव नाही, वादाचा सूर नाही, फक्त घटनाक्रम आणि त्याचं कारण आहे. ज्याने तो वाद वाचला आहे त्याला कळेल की हा संयम सोपा नव्हता.

तरी दोन गोष्टी राहिल्या. वर्णनाच्या परिच्छेदात नियम आहे आणि परिणाम बरेच खाली आहेत. मॅन पेज कुणी वरपासून खालपर्यंत वाचत नाही. माणूस पॅरामीटरचा क्रम बघायला येतो, वरचा परिच्छेद चाळतो आणि पान बंद करतो. म्हणून परिणामाचं निदान एक वाक्य नियमाला चिकटूनच असायला हवं. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे: माझ्या कोडमध्ये असा ओव्हरलॅप आहे का हे शोधायचं कसं, याचं उत्तर त्या टिपेत नाही. ते उत्तर आहे, पण कंपायलरच्या पुस्तिकेत.

दोन पुस्तिका, मध्ये दरी

2010 मध्ये प्रोग्रामरच्या हाताशी प्रामुख्याने वॅलग्रिंड होतं. नंतर साधनं वाढली. ॲड्रेस सॅनिटायझर हे प्रोग्राम चालताना मेमरीतल्या चुका पकडणारं साधन 2012 मध्ये क्लँग या कंपायलरच्या 3.1 आवृत्तीत आणि 2013 मध्ये जीसीसी या कंपायलरच्या 4.8 आवृत्तीत आलं. एफ-सॅनिटाइझ पर्यायाला ॲड्रेस हे मूल्य देऊन प्रोग्राम बांधला, तर चालताना मेमकॉपीच्या जागा ओव्हरलॅप होताच तो अहवाल छापून थांबतो. 2017 मध्ये जीसीसी 7 ने डब्ल्यू-रिस्ट्रिक्ट ही सूचना आणली आणि पुढच्या वर्षी जीसीसी 8 ने ती मेमकॉपी, स्ट्रिंगकॉपी अशा फंक्शनांमधले कितीतरी जास्त ओव्हरलॅप पकडेल इतकी सुधारली. ती प्रोग्राम न चालवता, कंपाइल करतानाच बोलते.

या पर्यायाच्या नोंदीतलं उदाहरण मला मनापासून आवडतं. आठ अक्षरांची एक स्ट्रिंग आहे. तिची शेवटची चार अक्षरं स्ट्रिंगकॉपीने सुरुवातीला आणायची आहेत. चार अक्षरं पहिल्या चार घरांत, म्हणजे ओव्हरलॅप नाही असं वाटतं. पण स्ट्रिंगच्या शेवटचा शून्य बाइटही उतरवला जातो. तो पाचव्या घरात पडतो, आणि जिथून वाचायला सुरुवात केली ते घर हेच. एका बाइटचा ओव्हरलॅप. मोजक्या ओळींचं उदाहरण, पण नियम पाळतोय असं प्रामाणिकपणे समजणाऱ्या माणसाची चूक ते दाखवतं. पुस्तिकेतलं उदाहरण उघड गाढवपणाचं असलं तर वाचणारा ‘मी असं करणार नाही’ म्हणून पुढे जातो. या उदाहरणापाशी तो थबकतो.

नोंदीत मर्यादाही दिलेली आहे: साधे ओव्हरलॅप ऑप्टिमायझेशनशिवायही (कंपायलरने कोड वेगवान करण्यासाठी केलेल्या बदलांशिवायही) काही प्रमाणात सापडतात, पण हा पर्याय ऑप्टिमायझेशनच्या ओ-2 आणि त्यावरच्या पातळीवर जास्त चांगलं काम करतो. हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. विकासाच्या काळात बरेच जण ऑप्टिमायझेशन बंद ठेवतात, सूचना आली नाही की कोड स्वच्छ आहे असं मानतात, आणि चुकीचा दिलासा घेऊन पुढे जातात. कुठल्याही सूचनेची नोंद लिहिताना ती कधी गप्प बसते हे लिहिलंच पाहिजे. जीसीसीने ते लिहिलं आहे.

आता एक गैरसमज. फॉर्टिफाय-सोर्स हा जास्तीच्या तपासण्या चालू करणारा मॅक्रो लावला की मेमकॉपी ‘सुरक्षित’ होते असं अनेक जण मानतात. तो लावल्यावर कंपायलर शक्य तिथे मेमकॉपीऐवजी तिची तपासणारी जोडीदार आवृत्ती बोलावतो हे खरं. पण ती आवृत्ती ठेवण्याच्या जागेचा आकार पुरतो की नाही एवढंच बघते. ओव्हरलॅपकडे ती पाहत नाही. हे वाक्य मेमकॉपीच्या पानावर असायला हवं, कारण प्रश्न तिथे उभा राहतो. मॅक्रोच्या पानावर ते शोधायला कुणी जाणार नाही.

दरी म्हणतो ती हीच. लायब्ररीचं पान एका चमूकडे असतं आणि कंपायलरची पुस्तिका दुसऱ्याकडे. लायब्ररीवाले म्हणतात, कंपायलर कुठलाही असू शकतो, आम्ही जीसीसीचे पर्याय का द्यावेत? कंपायलरवाले म्हणतात, फंक्शनाचा नियम आमचा नाही. दोघांचंही आपापल्या जागी खरं आहे. पण वाचणारा एकच आहे, आणि त्याला दोन्ही पुस्तिका एकत्र हव्या आहेत. कंपायलरचं नाव स्पष्ट लिहून, आवृत्ती देऊन, ‘शोधायचं कसं’ असा एक परिच्छेद लायब्ररीच्या पानावर टाकण्यात मला काहीच गैर वाटत नाही. तो जुना झाला तर बदलावा लागेल हे मान्य. जुना होईल म्हणून लिहायचंच नाही, हा निर्णय मात्र वाचणाऱ्याच्या मुळावर येतो.

मी ती नोंद लिहिली तर तिचा गाभा असा असेल:

मेमकॉपी दिलेल्या जागेवरून ठरावीक बाइट दुसऱ्या जागेवर उतरवते. दोन्ही जागा एकमेकींवर येण्याची शक्यता असेल तर मेममूव्ह वापरा. ओव्हरलॅप होणाऱ्या जागा दिल्यास निकाल प्रोसेसर, लायब्ररीची आवृत्ती आणि ऑप्टिमायझेशनची पातळी यांनुसार बदलू शकतो. एका मशीनवर बरोबर आलेलं उत्तर दुसऱ्या मशीनसाठी पुरावा नाही. एकाच बफरमध्ये मजकूर मागे-पुढे सरकवताना ही चूक सर्वात जास्त होते. शोधण्यासाठी: कंपाइल करताना जीसीसी 8 किंवा पुढची आवृत्ती, डब्ल्यू-ऑल (यात डब्ल्यू-रिस्ट्रिक्ट येते) आणि ओ-2 सोबत. चाचणी चालवताना ॲड्रेस सॅनिटायझर. फॉर्टिफाय-सोर्स ही चूक पकडत नाही.

यात पट्टीच्या उदाहरणासारखं एखादं उदाहरण जोडलं की वर्णनाचा भाग पुरा होतो. इतिहास खाली ठेवायला हरकत नाही.

कंपायलरची स्वतःची सवलत

इथपर्यंत प्रकरण ‘प्रोग्रामरने नियम मोडला’ एवढंच होतं. पुढचा भाग जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण यात नियम स्वतः कंपायलर वाकवतो.

सी मध्ये एक स्ट्रक्ट, म्हणजे अनेक मूल्यांचा गठ्ठा, दुसऱ्याला असाइन करता येतं. दोन पॉइंटरांमधून (म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांमधून) असं असाइनमेंट केलं आणि दोन्ही पॉइंटर एकाच वस्तूकडे बघत असले, तर भाषेच्या नियमांनुसार ते चालतं. वस्तू स्वतःलाच असाइन झाली, बिघडलं काहीच नाही. आता स्ट्रक्ट मोठं असेल तर जीसीसी या असाइनमेंटचं रूपांतर मेमकॉपीच्या कॉलमध्ये करतो. म्हणजे प्रोग्रामरने भाषेचा नियम पाळला, आणि तयार झालेल्या कोडमध्ये मेमकॉपीला दोन्हीकडे एकच पत्ता गेला. लायब्ररीच्या पानानुसार हा पूर्ण ओव्हरलॅप, म्हणून अनडिफाइंड.

जीसीसीच्या बगझिलावर याची तक्रार 2007 पासून होती. वॅलग्रिंड अशा ठिकाणी सूचना द्यायचं आणि प्रोग्रामर आपल्या कोडमध्ये मेमकॉपी शोधत बसायचा, जी त्याने लिहिलेलीच नसायची. प्रत्यक्षात ज्या मेमकॉपी लोक वापरतात त्या एकच पत्ता दोन्हीकडे असला तर योग्य वागतात, म्हणून कंपायलर बदलण्याची निकड कुणाला वाटली नाही. ॲड्रेस सॅनिटायझरमध्येही हीच समजूत उतरलेली आहे. दोन्ही पत्ते तंतोतंत एक असतील तर तो ओव्हरलॅप तपासतच नाही.

अनेक वर्षं हा अलिखित करार होता. अखेर जीसीसीच्या पुस्तिकेत तो लिहिला गेला. भाषेच्या स्टँडर्डांबद्दलच्या भागात आधीपासून एक वाक्य होतं: लायब्ररी नसलेल्या वातावरणातही मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकम्पेअर ही चार फंक्शनं पुरवावी लागतील. त्याच्या शेजारी आता हेही आहे की मेमकॉपीबद्दलच्या स्टँडर्डांपेक्षा वेगळं, स्रोत आणि लक्ष्य तंतोतंत एकच असताना ती नीट चालावी अशी जीसीसीची अपेक्षा आहे.

एकाच वाक्याची ही भर, पण या सगळ्या प्रकरणातली दस्तऐवजाची सर्वात प्रामाणिक दुरुस्ती मी हिला मानतो. स्टँडर्डपेक्षा आमची अपेक्षा जास्त आहे हे कंपायलरने लपवलं नाही. हे वाक्य ज्याच्यासाठी आहे तो वाचणाराही विशिष्ट आहे: कर्नल, फर्मवेअर किंवा एखाद्या नव्या बोर्डसाठी स्वतःची मेमकॉपी लिहिणारा. त्याने फक्त स्टँडर्ड वाचून मेमकॉपी लिहिली आणि ‘दोन्ही पत्ते एक असले तर प्रोग्राम थांबव’ अशी कडक तपासणी घातली, तर नियमाच्या दृष्टीने तो बरोबर असेल आणि तरीही निर्दोष प्रोग्राम त्याच्याकडे कोसळतील. ओपनबीएसडीसारखी तपासणी लिहिणाऱ्याने हे वाक्य आधी वाचायलाच हवं.

लायब्ररीच्या पानावर मात्र ही सवलत तशीच्या तशी लिहू नये, असं माझं मत आहे. ती कंपायलर आणि लायब्ररी यांच्यातली आहे, सामान्य प्रोग्रामरला दिलेली नाही. त्याने स्वतः मेमकॉपीला एकच पत्ता दोनदा देणं हे स्टँडर्डनुसार अजूनही चूकच आहे. पानावर लिहायचंच तर ‘मेमकॉपी स्वतः बनवणाऱ्यांसाठी’ असा वेगळा परिच्छेद करावा. कुठलं वाक्य कुणासाठी आहे हे न सांगता सगळं एकाच पानावर ओतलं, तर नियम सैल झाला असाच अर्थ लोक काढतील.

शून्य बाइट आणि नल पॉइंटर

आणखी एक नियम याच पानाशी जोडलेला आहे, तोही बदलाच्या वाटेवर. उतरवायचे बाइट शून्य असले तरी मेमकॉपीला नल पॉइंटर, म्हणजे कुठल्याच जागेकडे न बघणारा पत्ता, द्यायचा नाही, असं स्टँडर्ड सांगत आलं आहे. शून्य बाइट म्हणजे काहीच करायचं नाही, मग पॉइंटर कसाही असो, असं बहुतेकांना वाटतं. रिकामी यादी, रिकामा बफर, अशा ठिकाणी नल आणि शून्य ही जोडी सर्रास येते.

इथेही वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही. मग 2014 मध्ये जीसीसी 4.9 आला. त्याच्या पोर्टिंगच्या टिपणात हे प्रकरण उदाहरणासह दिलेलं आहे: आधी मेममूव्ह, मग पॉइंटर नल आहे का याची तपासणी. मेममूव्हला दिलेला पॉइंटर नल असूच शकत नाही, बाइट शून्य असले तरीही, म्हणून कंपायलर खालची तपासणी काढून टाकू शकतो. तपासणी गेली की नल पॉइंटर सरळ पुढे जातो आणि प्रोग्राम कोसळतो तो भलत्याच ओळीवर. इथे लायब्ररी बदललीच नाही. लायब्ररीच्या पानावरचा नियम कंपायलरने शब्दशः घेतला आणि त्यावर ऑप्टिमायझेशन बांधलं. एफ-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स या पर्यायाची नकारार्थी जोडी दिली तर अशा तपासण्या राहतात. पण मेमकॉपीचं पान वाचणाऱ्याला या पर्यायाचं नाव कुठून कळणार?

2024 मध्ये सी च्या स्टँडर्ड समितीने पुढच्या आवृत्तीसाठी हा नियम बदलणारा प्रस्ताव स्वीकारला. बाइट शून्य असतील तर मेमकॉपी आणि तिच्यासारख्या फंक्शनांना नल पॉइंटर चालेल. 2025 च्या जीसीसी 15 मध्ये त्यासाठी फंक्शनावर लावायचं नवं ॲट्रिब्यूटही आलं: हा पॉइंटर नल नसावा, पण तमुक पॅरामीटर शून्य नसेल तरच. आधी हेडरमध्ये (लायब्ररीच्या फंक्शनांच्या घोषणा असलेल्या फाइलमध्ये) ‘हा पॉइंटर नल नाही’ एवढंच सांगता यायचं, आता शर्तीसह सांगता येतं.

नियम सैल होतो तेव्हा पान बदलणं सोपं वाटतं, जुनं वाक्य खोडायचं आणि नवं लिहायचं. तसं केलं तर नुकसान होईल. बाहेर चालणारा बराच कोड जुन्या कंपायलरने आणि जुन्या हेडरवर बांधला जातो, आणि पुढची कित्येक वर्षं बांधला जाईल. त्या कोडला नवी सवलत लागू नाही. तिथे नल तपासणी अजूनही काढली जाऊ शकते. म्हणून या नोंदीत जुना नियम राहिला पाहिजे आणि नव्याला आवृत्तीची चौकट हवी: अमुक स्टँडर्डपासून, कंपायलर आणि हेडर दोन्ही ती सवलत ओळखत असतील तर. त्याआधीच्या सगळ्यांसाठी, मेमकॉपी बोलावण्याआधी बाइट शून्य आहेत का ते बघा आणि शून्य असतील तर कॉलच करू नका. ही तपासणी एका ओळीची आहे, जुन्या आणि नव्या दोन्ही नियमांखाली बरोबर आहे, आणि पानावरच्या उदाहरणात तीच द्यावी.